शुभ्र दात आणि त्यांचे काठिण्य

लग्नसराई जवळ आली की दंतवैद्यांच्या दवाखान्यांत एक निराळाच वर्ग दिसू लागतो. या मंडळींचा दात दुखत नसतो, किडलेला नसतो, हलत नसतो. परंतु छायाचित्रात तो पिवळट दिसतो एवढ्याच तक्रारीवरून वधू, वर आणि अलीकडे त्यांचे मातापितरही दात पांढरे करून घेण्यासाठी खुर्चीवर येऊन बसतात. बरोबर घरातली एखादी आजी आलेली असेल तर तिचा प्रश्न ठरलेला असतो : "अहो डॉक्टर, पण याने दात ठिसूळ नाही ना व्हायचे?" डॉक्टर "काही होत नाही, आजी" असे सांगून कामाला लागतात, आजींचे समाधान होत नाही, आणि प्रश्न न सुटताच घरी परत जातो.

आजींच्या शंकेला आधार आहे. दात पांढरे करण्यासाठी जे द्रव्य वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड होय. आणि काळेभोर केस पिंगट वा सोनेरी करण्यासाठी जे वापरले जाते तेही हेच. असे रंग उडवलेले केस पुढे रुक्ष होतात, त्यांना फाटे फुटतात, फणीबरोबर ते तुटून येतात, हे ज्याने घरातल्या मुलीच्या डोक्यावर पाहिले आहे त्याने 'जे द्रव्य केसांची ही दशा करते ते दातांना बरे सोडील' असा तर्क केला, तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. तरीही केसांचा हा दाखला दातांना जसाच्या तसा लागू पडत नाही. आणि तो का पडत नाही, व कोठे थोडासा पडतो, हे समजण्यासाठी दात कशाचा बनलेला आहे, त्याचा रंग कोठे राहतो आणि त्याचे काठिण्य मोजतात कसे, या तिन्हींचा तपशील पाहिला पाहिजे.

रंगाचे ठिकाण

हिरडीबाहेर दाताचा जो भाग दिसतो त्याचे कवच म्हणजे दंतवल्क. दवाखान्यात त्याला एनॅमल म्हणतात आणि आता घरोघरीही तोच शब्द रुळला असल्यामुळे येथे तोच वापरतो. मनुष्यशरीरात याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाही. वजनाने पाहता त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. उरलेल्या चार टक्क्यांत बहुतांश पाणी आणि जेमतेम एक टक्का प्रथिनादी सेंद्रिय द्रव्य. खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे असून हायड्रॉक्सिॲपेटाइट असे त्याचे नाव आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी लावली, जिच्या तळाशी संगजिरे आणि माथ्यावर हिरा आहे, तिच्यात पाचव्या पायरीचे प्रमाण म्हणून ॲपेटाइट हेच खनिज नेमलेले आहे.

एनॅमलची रचना जुन्या वाड्याच्या घडीव दगडी भिंतीसारखी समजावी. अतिसूक्ष्म स्फटिक एकमेकांलगत रचलेले असतात, ते मिळून चार-पाच मायक्रोमीटर जाडीच्या शलाका तयार होतात (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा), आणि दगडांच्या दरजांत चुना भरावा तसे या स्फटिकांमधल्या चिंचोळ्या फटींत पाणी आणि प्रथिन भरलेले असते. भिंतीत दगड किती आणि चुना किती याचे प्रमाण पाहिले तर चुना अगदीच थोडा आहे. परंतु तो आहे, आणि त्याचे काम पुढे येणार आहे.

या कवचाच्या आत दंतिन नावाचा थर असतो. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य, तेही मुख्यतः कोलॅजन हे चिवट प्रथिन, आणि १० टक्के पाणी. दंतिनाचा मूळ रंगच पिवळसर आहे. एनॅमल अर्धपारदर्शक असल्यामुळे आपण ज्याला दाताचा रंग म्हणतो तो बव्हंशी आतल्या दंतिनाचा, एनॅमलमधून गाळून आलेला रंग असतो. वय वाढते तसे एनॅमल झिजून पातळ होते आणि दंतिनाचा थर आतल्या बाजूने वाढत जातो. साहजिकच पन्नाशीतला निरोगी दात विशीतल्या निरोगी दाताहून पिवळा दिसतो. दातांचा पिवळेपणा म्हणजे अस्वच्छता हा समज म्हणून मुळातच काढून टाकला पाहिजे. चहा, विडीकाडी, पान, मिसरी यांचे डाग बाहेरून बसतात, ते आणि कीटण दंतवैद्याकडील साफसफाईने निघून जाते, आणि पुष्कळांना तेवढेच पुरते. आतला रंग मात्र घासून निघत नाही. त्यासाठी आत शिरू शकणारे द्रव्य लागते.

पेरॉक्साइडचे काम

हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८१८ साली लावला. पुढे जखमा धुण्यासाठी व हिरड्यांच्या विकारांत ते वापरात आले, आणि घरच्या घरी दात पांढरे करण्याची आजची रीत अशा एका हिरड्यांच्या औषधातूनच निघाली. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, फोर्ट स्मिथ या गावी, वेडेवाकडे दात सरळ करणारे बिल क्लुसमायर नावाचे दंतवैद्य होते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिरड्या दुखावलेल्या रुग्णाला रात्री दातांवर बसवायच्या साच्यात पेरॉक्साइडयुक्त जंतुनाशक औषध घालून झोपायला सांगितले; हिरड्या तर बऱ्या झाल्याच, पण दातही उजळलेले दिसले. ही गोष्ट दंतवैद्यांच्या आपापसांतील बोलण्यात वीस वर्षे फिरत राहिली. १९८९ साली व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी या रात्रीच्या साच्याच्या पद्धतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ती जगभर पसरली.

पेरॉक्साइडचा रेणू अतिशय लहान आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू अधिक घातला की तो तयार होतो. या लहानपणामुळेच तो स्फटिकांमधल्या फटींतून वाट काढीत एनॅमल ओलांडतो, दंतिनात उतरतो, आणि पाव तासाच्या आत त्याचा अंश दाताच्या गाभ्यातील जिवंत मगजापर्यंत पोहोचतो. दातात रंग आणणारी जी सेंद्रिय द्रव्ये असतात त्यांच्या रेणूंत कार्बनच्या अणूंची एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते, आणि ही साखळीच प्रकाशातला काही भाग शोषून घेते म्हणून ते द्रव्य आपल्याला पिवळे किंवा तपकिरी दिसते. पेरॉक्साइड फुटताना जो अत्यंत क्रियाशील ऑक्सिजन सुटतो तो हे दुहेरी बंध तोडतो. साखळीचे तुकडे होतात, तुकड्यांना रंग उरत नाही. या क्रियेला ऑक्सिडीभवन म्हणतात. दात खरवडला जात नाही, त्यावर रंगाचा थरही चढत नाही. रंगद्रव्य जागच्या जागी रंगहीन होते.

आता केसांच्या दाखल्याकडे वळू. केस म्हणजे जवळजवळ सर्वस्वी केराटिन हे प्रथिन. त्याची बळकटी गंधकाच्या ज्या बंधांवर अवलंबून असते तेच बंध पेरॉक्साइड तोडते, आणि केस दुबळा होतो. एनॅमलमध्ये प्रथिन एक टक्का. उरलेले जे खनिज, त्यातील फॉस्फरस हा ऑक्सिजनशी जितका जोडला जाऊ शकतो तितका आधीच जोडलेला असतो, म्हणजे त्याचे आणखी ऑक्सिडीभवन करण्यास पेरॉक्साइडला तेथे वावच नाही. भिंतीच्या भाषेत सांगायचे तर पेरॉक्साइडचा अंमल दरजांतल्या चुन्यावर चालतो, दगडावर चालत नाही.

येवढ्यावर खटला निकालात निघाला असता, तर संशोधकांना तीस वर्षे त्यावर खपावे लागले नसते. अनेक प्रयोगांत पेरॉक्साइड लावल्यानंतर एनॅमल मऊ झालेले प्रत्यक्ष मोजले गेले आहे. मग दगडाला धक्का लावला कोणी?

काठिण्य मोजण्याची रीत

हे मोजमाप कसे करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण निष्कर्षांतला पुष्कळसा घोळ मोजमापातच दडलेला असतो. दात सरळ करण्याच्या उपचारात जागा करण्यासाठी ज्या निरोगी उपदाढा काढाव्या लागतात, त्या प्रयोगशाळेत येतात. हिऱ्याच्या चकतीने त्यांचा चौकोनी तुकडा कापून तो रेझिनमध्ये बसवतात, आणि वाकड्या पृष्ठभागावर माप घेता येत नाही म्हणून तो आरशासारखा सपाट घासून घेतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली, टोकाला घडवलेला हिरा असलेले उपकरण ठरावीक वजनाने काही सेकंद त्यावर टेकवतात. हिरा उचलल्यावर लांबट समभुज चौकोनाच्या आकाराचा एक खळगा उरतो. त्याचा लांब कर्ण आखूड कर्णाच्या सुमारे सातपट असतो. हा कर्ण जितका लांब, तितका पदार्थ मऊ. १९३९ साली फ्रेडरिक नूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात ही रीत बसवली, म्हणून तिच्या अंकाला नूप अंक म्हणतात. निरोगी एनॅमलचा नूप अंक ३५०च्या आसपास, दंतिनाचा ७०च्या आसपास.

हिशेब करून पाहिला तर असे दिसते की, ५० ग्रॅम वजनाखाली निरोगी एनॅमलवर उमटणारा खळगा सुमारे ४५ मायक्रोमीटर लांब, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही लहान असतो, आणि त्याची खोली दीड मायक्रोमीटर असते. एनॅमलचे काठिण्य १० टक्क्यांनी घटले तर हाच खळगा साधारण साडेसत्तेचाळीस मायक्रोमीटर होतो. सगळा वाद या अडीच मायक्रोमीटरांवर उभा आहे. शिवाय पटाशीच्या दाताच्या कडेजवळ एनॅमलची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असते, आणि हिरा त्यातल्या सर्वांत वरच्या दीड मायक्रोमीटराची साक्ष घेतो. ती साक्ष खोटी नसते; परंतु भिंतीच्या गिलाव्यावरून संपूर्ण भिंतीचा फैसला करण्यात जो धोका आहे तो येथेही आहे. आणखी एक गोष्ट : तुकडा सपाट घासताना एनॅमलचा जो अगदी बाहेरचा, फ्लोराइडने समृद्ध आणि म्हणून अम्लाला अधिक दाद न देणारा थर असतो तोच निघून जातो. प्रयोगशाळेतला दात तोंडातल्या दातापेक्षा सुरुवातीपासूनच थोडा उघडा पडलेला असतो.

परस्परविरोधी जबान्या

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील टॉमस ॲटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या विषयावरील पन्नासांहून अधिक प्रयोगांचे दप्तर एकत्र तपासले. दात पांढरे करण्याचा उपचार, म्हणजे ब्लीचिंग, संपताच घेतलेल्या मापांपैकी जवळजवळ निम्म्यांत एनॅमलचे काठिण्य घटलेले होते, आणि निम्म्यांत घटलेले नव्हते. असा निकाल वाचून सामान्य वाचकाने शास्त्रज्ञांवर रागावावे हे स्वाभाविक आहे. परंतु या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला : कोणत्या प्रयोगांत घटले? तेव्हा चित्र स्पष्ट होऊ लागले. ज्या प्रयोगांत दात मानवी लाळेच्या सान्निध्यात ठेवले होते, मधूनमधून फ्लोराइड लावले होते, म्हणजे ज्यांत तोंडातली परिस्थिती होईल तितकी राखली होती, त्यांत काठिण्य घटल्याचे प्रमाण कमी होते. आणि उपचारानंतर काही काळ जाऊ देऊन पुन्हा माप घेतले तेव्हा घट दाखवणाऱ्यांची संख्या आणखी उतरली.

लाळेशिवाय दाताची परीक्षा घेणे म्हणजे अर्धाच दात तपासणे होय, असे मला यावरून ठामपणे वाटते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतक्या प्रमाणात विरघळलेले असते की एरवीच्या स्थितीत ते एनॅमलमधून बाहेर पडण्याऐवजी त्यात बसण्याकडेच झुकलेले असते. लाळेत अम्ल मारणारे बायकार्बोनेट असते, आणि पेरॉक्साइड फोडून टाकणारी विकरेही असतात. दातावर लाळेतील प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा सदैव पसरलेला असतो, तोही पहिला आघात सोसतो. भिंतीतून काही खडे निघालेच, तर त्या जागी भरती करण्याची तजवीज शरीराने अहोरात्र चालू ठेवलेली आहे.

दगडाला धक्का कोणाचा?

प्रयोगांतील औषधांची आम्लता तपासली तेव्हा उत्तर मिळाले. पेरॉक्साइड हे अस्थिर द्रव्य आहे. अम्लयुक्त द्रावणात ते अधिक काळ टिकते. बाटली दुकानात आणि दवाखान्यात महिनोन्‌महिने टिकावी म्हणून काही उत्पादक जेल मुद्दाम आम्ल ठेवतात. आम्लता पीएच या अंकाने मोजतात; सात म्हणजे ना अम्ल ना अल्कली, आणि अंक जितका खाली तितके अम्ल तीव्र. पीएच साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलचे खनिज विरघळू लागते, कारण अम्लातील हायड्रोजनचे आयन स्फटिकातील फॉस्फेटला ओढून बाहेर काढतात आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही सुटते. दवाखान्यात लावण्याच्या ३५ ते ४० टक्के प्रबळतेच्या काही जेलांचा पीएच या सीमेच्या बराच खाली आढळलेला आहे. काहींचा अगदी उदासीन असतो. आम्ल जेल लावलेला दात मऊ पडला तर त्याचा आरोप पेरॉक्साइडच्या नावावर जातो, करणारे मात्र अम्ल असते.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाच्या दंतसंस्थेत २००९ साली याच धर्तीची एक तुलना झाली. एनॅमलच्या काही नमुन्यांवर ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडाचा आणि काहींवर संत्र्याच्या रसाचा परिणाम पाहण्यात आला. पेरॉक्साइडाने काठिण्यात लक्षणीय फरक पडला नाही. संत्र्याच्या रसाने ते ८४ टक्क्यांनी उतरले. दात पांढरे करण्याला भिणारी माणसे सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाणी चुळा भरल्यासारखे तोंडात घोळवत पितात, तेव्हा मला या ८४ टक्क्यांची आठवण होते.

घरी वापरायच्या जेलात बहुधा शुद्ध पेरॉक्साइड नसून कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे संयुग असते. ते तोंडात फुटते तेव्हा युरियापासून पुढे अमोनिया तयार होतो आणि तो साच्यातला पीएच वर नेतो. हलक्या प्रबळतेची ही जेल दोन आठवडे रात्री वापरून लाळेच्या सान्निध्यात केलेल्या मापांत एनॅमल मऊ झाल्याचे सहसा दिसत नाही, याचे एक कारण हे आहे.

चौकट : वेष्टनावरचा अंक कसा वाचावा
कार्बामाइड पेरॉक्साइडाच्या वजनात साधारण एक तृतीयांशच हायड्रोजन पेरॉक्साइड असते. म्हणून १० टक्के कार्बामाइडची जेल म्हणजे सुमारे साडेतीन टक्के पेरॉक्साइडची जेल. '३५ टक्के' असे छापलेल्या दोन नळ्यांपैकी एकीत कार्बामाइड आणि दुसरीत शुद्ध पेरॉक्साइड असेल, तर दुसरी पहिलीच्या जवळजवळ तिप्पट प्रबळ होय. युरोपीय संघाने २०११ साली काढलेल्या आणि ३१ ऑक्टोबर २०१२ पासून अंमलात आलेल्या नियमानुसार ०.१ टक्क्यांपर्यंतचे पेरॉक्साइड खुल्या बाजारात विकता येते. त्यावरचे, ६ टक्क्यांपर्यंतचे, केवळ दंतवैद्यांनाच विकायचे, प्रत्येक उपचाराचा आरंभ त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीवर ते वापरायचे नाही.

कठीण आणि चिवट

आजींनी विचारले होते ते मात्र 'मऊ होईल का' असे नव्हते. त्यांनी 'ठिसूळ होईल का' असे विचारले होते, आणि हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या प्रश्नापेक्षा अधिक नेमका आहे. काठिण्य म्हणजे खळगा पडू न देण्याची शक्ती. चिवटपणा म्हणजे पडलेला तडा पुढे पसरू न देण्याची शक्ती. एखादा पदार्थ कमालीचा कठीण असून ठिसूळ असू शकतो. एनॅमलमध्ये तडा गेला तर तो स्फटिकांच्या दरजांतून धावतो, आणि तेथील अल्पसे प्रथिन व पाणी त्याची धाव अडवते. चुन्याचे खरे काम ते हेच.

१९९२ साली सेघी आणि डेन्री या संशोधकांनी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड एनॅमलवर लावून दोन्ही गुण मोजले. काठिण्यात लक्षणीय फरक आढळला नाही; परंतु तडा पसरण्यास होणारा विरोध सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला दिसला. प्रयोग तोंडाबाहेरचा होता, आणि माप पृष्ठभागाच्या पातळ थराचे होते, हे विसरता कामा नये. इतक्या वर्षांच्या वापरात ब्लीचिंगमुळे धडधाकट दात फुटू लागले असे दंतवैद्यांच्या अनुभवास आलेले नाही. तथापि केसांचा दाखला थोडासा लागू पडतो तो येथे. पेरॉक्साइड प्रथिनावर काम करते, आणि एनॅमलमध्ये प्रथिन थोडे असले तरी निरुपयोगी नाही. आधीच ज्यांच्या दातांत बारीक तडे आहेत, रात्री दात खाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी वर्षानुवर्षे वरचेवर हा उपचार करीत राहणे मला म्हणूनच शहाणपणाचे वाटत नाही.

उपचारानंतर दोन-चार दिवस दातांत जी शिणशिण जाणवते, गार पाणी लागते, तिचा काठिण्याशी संबंध नाही. पेरॉक्साइड मगजापर्यंत पोहोचते आणि तेथल्या मज्जातंतूंना डिवचते, म्हणून ती येते. बहुधा आपोआप शमते. तिला 'दात कमजोर झाले' समजून लोक घाबरतात आणि घासणे सोडून देतात, हे उलट अपायकारक आहे.

घरातल्या घरात

दंतवैद्याचा खर्च नको आणि रसायनही नको म्हणून जे उपाय सांगितले जातात त्यांत लिंबू आणि मीठ, लिंबू आणि खायचा सोडा, कोळशाची पूड, राखुंडी हे मुख्य. लिंबाच्या रसाचा पीएच सव्वादोनच्या आसपास असतो. तो दातावर चोळला की वरचा थर विरघळतो, मऊ पडलेला भाग मिठाच्या खड्यांनी निघून जातो, आणि खालचा नवा पृष्ठभाग उघडा पडून दात त्या दिवशी खरोखरच उजळ दिसतो. हा उजळपणा भिंतीचे दगड विकून आलेला आहे. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवताच नष्ट होतात. लाळ मऊ झालेल्या थरात खनिज पुन्हा भरू शकते, परंतु घासून गेलेला थर नव्याने रचण्याची शक्ती शरीरात कोठेही नाही. एनॅमल जसजसे पातळ होते तसतसे आतले पिवळे दंतिन अधिक दिसू लागते, आणि माणूस पुन्हा लिंबू हाती घेतो.

कोळसा आणि राखुंडी यांत अम्ल नसते, पण त्यांचे कण कसे दळले आहेत यावर सगळे अवलंबून असते. जाड, खरखरीत पुडीने बाहेरचे डाग जातात तसे एनॅमलही झिजते, आणि हिरडी उतरून मूळ उघडे पडले असेल तर तेथले दंतिन, जे एनॅमलच्या पाचव्या हिश्श्याइतकेच कठीण आहे, खाचा पडेपर्यंत झिजते. दात पांढरे करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टूथपेस्टही बाहेरचे डाग घासून काढण्याचेच काम करतात.

दवाखान्यात काय विचारावे

पहिली चौकशी जेलच्या पीएचची करावी. तो सातच्या जवळपास आहे काय, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. दुसरी, आधी किडीची आणि तड्यांची तपासणी झाली आहे काय, याची. निळा प्रकाश वा लेझर लावल्याने परिणाम टिकाऊ होतो याला भक्कम आधार नाही; त्यातली उष्णता मात्र खरी असते, आणि मगजाचे तापमान साडेपाच अंशांनी वाढले तर त्यातले काही मगज मरतात हे झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर दाखवून दिले आहे. खुर्चीवरून उठताच आरशात जो लखलखाट दिसतो त्याचा काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो; दात एक-दोन दिवसांत पुन्हा ओले झाले की तो भाग उतरतो, आणि खरा रंग आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतो. उपचाराच्या दिवशी आंबट पदार्थ व शीतपेये टाळावीत आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी.

पूर्वी भरलेले सिमेंट आणि बसवलेल्या कॅप यांचा रंग पेरॉक्साइडाने बदलत नाही, म्हणून भोवतालचे दात उजळल्यावर ते डोळ्यांत भरतात. ते बदलायचे असतील तर दोन आठवडे थांबावे. दातात उरलेला ऑक्सिजन नव्या सिमेंटला नीट चिकटू देत नाही. रूट कॅनाल केलेल्या, काळवंडलेल्या एकट्या दाताचा मामला वेगळा आहे : त्याला आतून औषध ठेवावे लागते, आणि तेथे तीव्र पेरॉक्साइड व उष्णता यांचा एकत्र वापर झाला तर दाताचे मूळ विरघळू लागण्याचा धोका असतो.

यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांतून येणाऱ्या तरुणांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. तेथील भूजलात फ्लोराइड अधिक आहे, पिण्याच्या पाण्यात दर लिटरला दीड मिलिग्रॅम ही जी कमाल मर्यादा ठरलेली आहे तीही ओलांडली जाते, आणि दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. नोकरीच्या मुलाखतीत तोंड मिटून बोलणारी ही मुले ब्लीचिंगसाठी येतात तेव्हा त्यांच्या दातांचा वरचा थर टणक पण खालचा सच्छिद्र असतो, म्हणजे भिंतीचा दर्शनी भाग शाबूत आणि आतल्या दरजा रिकाम्या अशी अवस्था असते. निरोगी दातांसाठी नेमलेली तीव्र मात्रा त्यांना सरसकट लावणे योग्य नाही. डाग उथळ असेल तर दंतवैद्य अम्लमिश्रित बारीक पुडीने एनॅमलचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका थर जाणूनबुजून, मोजून काढतात आणि मग १० टक्क्यांची जेल काही आठवडे रात्री लावायला देतात. डाग खोल असेल तर दाताच्या रंगाच्या सिमेंटचा पातळ थर वरून चढवतात.